बंदुकीवरील दुर्बीण : शेतकऱ्यानें कोणती घ्यावी ?

रानडुकरांचा उपद्रव आतां केवळ डोंगराकांठच्या गांवांपुरता राहिलेला नाहीं. कालव्यांचें पाणी आलें, ऊस वाढला, पडीक रानांत झुडूप माजलें, आणि ज्या शिवारांत आमच्या आजोबांनीं डुक्कर पाहिलें नव्हतें तेथेंहि आतां भुईमुगाचें रान एका रात्रींत नांगरल्यासारखें होतें. त्यामुळें पीकसंरक्षणासाठीं शस्त्राचा परवाना काढलेल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यांत अलीकडे एक नवा विषय निघूं लागला आहे. तो म्हणजे बंदुकीवर बसवावयाची दुर्बीण. दुकानदार तिला ‘स्कोप’ म्हणतात. ती घ्यावी कीं नाहीं, घेतल्यास किती पटीची घ्यावी, आणि माफक पैशांत चांगली कशी ओळखावी, यासंबंधीं आमचें मत येथें मांडीत आहों. तें थोडक्यांत असें कीं, बांधावर उभ्या राहणाऱ्या मनुष्यास चार पटीची, साधी, पट न बदलणारी दुर्बीण पुरेशी आहे. तिच्याहून मोठ्या आंकड्यांची दुर्बीण त्याच किंमतींत मिळत असेल तर ती बहुधा वाईट असते. आणि पुष्कळांस दुर्बिणीची मुळींच गरज नाहीं.

शेवटच्या मुद्द्यापासूनच आरंभ करूं. ज्यांच्या घरीं बारा बोअरची बंदूक आहे, अगर कोंकणांत अजून दृष्टीस पडते ती ठासणीची बंदूक आहे, त्यांनीं दुर्बिणीचा विचार सोडून द्यावा. छऱ्यांचा बार तीस-पस्तीस मीटरांपलीकडे भरंवशाचा नसतो, आणि तेवढ्या अंतरावर दोन्ही डोळे उघडे ठेवून नळीवरून नजर टाकणें हाच त्या हत्याराचा नेम होय. दुर्बीण चढविली म्हणजे गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, व बंदूक खांद्यास लागतांच जी नजर आपोआप बसते तीच बिघडते. .२२ च्या रायफलीविषयींहि स्पष्ट बोललें पाहिजे. तिची गोळी मोठ्या डुकरास बहुधा मारीत नाहीं, जखमी करते. जखमी डुक्कर उसांत शिरलें कीं दुसऱ्या दिवशीं त्याची गांठ बंदूकवाल्याशीं पडत नाहीं; पाचट काढावयास गेलेल्या बाईशीं पडते. दुर्बीण लावल्यानें गोळीचें वजन वाढत नाहीं. म्हणून पुढील विवेचन मुख्यत्वें ज्यांच्याजवळ इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची अगर तिच्याहून जोरदार रायफल आहे त्यांच्यासाठीं, आणि .२२ किंवा हवाई रायफलीवर सराव करणाऱ्यांसाठीं आहे असें समजावें.

मग दुर्बीण खरी कोणाला हवी ? आमच्या मतें, ज्याचें वय पंचेचाळीस-पन्नास उलटलें आहे त्याला. उघड्या नेमांत डोळ्यास तीन वस्तु एकदम पाहाव्या लागतात : मागची खाच, पुढची माशी आणि सावज. तरुण डोळा एकीवरून दुसरीवर इतक्या झटकन् सरकतो कीं तिन्ही एकदमच दिसल्याचा भास होतो. उतारवयांत डोळ्यांतील भिंग ताठर होतें, खाच पुसट दिसूं लागते. जवळचा चष्मा चढवावा तर खाच दिसते पण सावज धुक्यांत जातें. दुर्बिणींत मात्र नेमाची फुली व सावज हीं दोन्हीं एकाच अंतरावर असल्यासारखीं दिसतात, व डोळ्यास कसरत उरत नाहीं. दुर्बिणीचा मोठा उपकार हा आहे. वस्तु मोठी दिसणें हा त्या मानानें लहान. आणि आज गांवोगांव शेतावर प्रत्यक्ष उभा असलेला मनुष्य बहुधा याच वयाचा आहे. मुलगा पुण्यास नाहीं तर मुंबईस असतो.

तथापि दुर्बिणीआधीं एक स्वस्त उपाय आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाहीं. मागच्या खाचेच्या जागीं बारीक भोकाची चकती बसविली असतां त्या भोकांतून पाहतांना पुढची माशी व सावज हीं दोन्हीं बरींच स्पष्ट होतात; डोळे किलकिले करून पाहिलें असतां अक्षरें स्पष्ट दिसतात त्यांतलाच हा प्रकार. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसाळे यांनीं सन २०२४ मध्यें पॅरिस येथील ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, व कोल्हापूरच्याच श्रीमती तेजस्विनी सावंत या सन २०१० मध्यें म्यूनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या, त्या दोघांच्याहि रायफलींवर असाच भोकाचा नेम होता. त्या स्पर्धांत दुर्बिणीस मनाई आहे. पन्नास मीटर म्हणजे आपल्या बांधापासून उसाच्या कडेपर्यंतचें अंतर. अर्थात् त्यांचा सराव वर्षानुवर्षांचा, आणि त्यांचें लक्ष्य उजेडांत स्थिर टांगलेलें. सांजावतां तें बारीक भोक काळोखून जातें, व डुक्कर तर सांजावल्यावरच येतें. म्हणून भोकाचा नेम दिवसा माकडांस हुसकावणाऱ्याच्या किंवा सराव करणाऱ्याच्या कामाचा. संध्याकाळच्या राखणीस दुर्बीणच उपयोगी हें आम्ही मान्य करतों.

आतां आंकड्यांकडे वळूं. कारण खरेदींत फसगत होते ती येथेंच. दुर्बिणीवर ४×३२ असें लिहिलेलें असतें. त्यांतील ४ म्हणजे वस्तु चौपट जवळ दिसते, आणि ३२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर. ३-९×४० म्हणजे तीनपासून नऊ पटीपर्यंत बदलतां येणारी, ४० मिलिमीटर भिंगाची. दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास स्वाभाविकच वाटतें कीं नऊ हे चारांपेक्षां जास्त, आणि ६-२४×५० तर त्याहून जास्त. भाव थोडाच अधिक, तेव्हां मोठी घ्यावी. बैल निवडतांना वशिंड पाहून भुलूं नये हें ज्यास समजतें तो मनुष्य येथें मात्र भुलतो.

पुढच्या भिंगाच्या व्यासास पटीनें भागलें असतां डोळ्याकडे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. ४×३२ मध्यें ती ८ मिलिमीटर; ३-९×४० मध्यें नऊ पटीवर साडेचार मिलिमीटरांहूनहि थोडी कमी; आणि ६-२४×५० मध्यें चोवीस पटीवर अवघी दोन मिलिमीटर. अंधारांत तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरांपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पांचाच्या आसपास. म्हणजे साध्या चार पटीच्या दुर्बिणींतून, डोळा जितका प्रकाश घेऊं शकेल तितका तिन्हीसांजेस मिळतो, व डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाहीं. चोवीस पटीवर तेंच रान काळें ठिक्कर दिसतें. हा गुणाकार-भागाकार कोणीहि दुकानांत उभ्या उभ्या करूं शकतो. त्यासाठीं विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची. चार पटीच्या दुर्बिणींतून शंभर मीटरांवर सुमारें नऊ-दहा मीटर रुंदीचें रान दिसतें. नऊ पटीवर तें चारएक मीटरांवर येतें. पन्नास मीटरांवर हीं मापें निम्मीं समजावीं. म्हणजे नऊ पटीवर डुक्कर दिसतें, पण त्याच्या बाजूस काय आहे तें दिसत नाहीं. आणि खुद्द डुक्कर दोन पावलें सरकलें कीं चित्रांतून नाहींसें होतें, मग बंदूक इकडेतिकडे फिरवून त्यास शोधीत बसावें लागतें. हाताचा थरकांपहि तितक्याच पटीनें मोठा दिसतो. फुली नाचूं लागली कीं मनुष्य ती नेमकी मधोमध येण्याची वाट पाहतो आणि आली असें वाटतांच चाप हिसडतो. गोळी तेथेंच चुकते. पन्नास मीटरांवरचें डुक्कर चार पटीच्या दुर्बिणींतून बारा-तेरा मीटरांवर असल्यासारखें दिसतें. याहून जवळ आणून करावयाचें काय ?

अमेरिकेंत सामान्य माणसास परवडणारी दुर्बीण प्रथम ज्यानें बाजारांत आणली, त्या विल्यम वीव्हरनें सन १९३० मध्यें बनविलेलें तिचें रूप अवघ्या सुमारें तीन पटीचें होतें. बैठकीसह किंमत १९ डॉलर. ती हातोहात खपली, आणि तिकडील शेतकऱ्यांनीं व शिकाऱ्यांनीं तिच्यावर वर्षानुवर्षें समाधानानें काम भागविलें. पुढें पट वाढत गेली ती सावजाच्या गरजेनें वाढली असें आम्हांस वाटत नाहीं. मोठा आंकडा छापण्यास कारखानदारास फारसा खर्च येत नाहीं. चांगली कांच घांसण्यास येतो. पट बदलणाऱ्या दुर्बिणींत आंत सरकणारीं भिंगें अधिक, सुटे भाग अधिक. तेवढ्याच पैशांत तीं सर्व बसवावयाचीं म्हणजे प्रत्येकांत कसर होणारच.

या ठिकाणीं एक सूचना आम्ही शक्य तितक्या जोरानें करूं इच्छितों. बंदुकीवरची दुर्बीण ही पाहण्याची दुर्बीण नव्हे. उसाच्या कडेला कांहीं हललें, तें काय आहे हें पाहण्यासाठीं बंदूक उचलून दुर्बिणीस डोळा लावणें म्हणजे तें जर शेजाऱ्याचा गडी असेल, मोटर चालू करावयास आलेला भाऊ असेल, तर त्याच्यावर भरलेली नळी रोखणें होय. सन २०२५ च्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत मनोरजवळच्या जंगलांत शिकारीस गेलेल्या टोळींतील एक जण सोबत्यांच्याच गोळीस बळी पडला. त्यांनीं त्यास डुक्कर समजून बार काढला होता. अशा बातम्या नव्या नाहींत. ओळखण्यासाठीं हातांत धरावयाची साधी दुर्बीण अगर विजेरी वेगळी ठेवावी. ओळख पटल्यावर, आणि त्या जनावराच्या मागें मातीचा बांध अगर उतार आहे हें पाहिल्यावर, मग बंदूक उचलावी. .२२ ची लहानशी गोळीदेखील दीड किलोमीटरापलीकडे जाऊं शकते, .३१५ ची त्याहूनहि दूर. आणि दुर्बिणीच्या वाटोळ्या चित्रांत मागची वस्ती दिसत नाहीं. ज्यास पैशांची ओढ आहे त्यानें बंदुकीवरची दुर्बीण एक पायरी हलकी घ्यावी व उरलेल्या पैशांत चांगली हातदुर्बीण घ्यावी, इतपत आमचें मत आहे.

परवान्याविषयींहि दोन शब्द. शस्त्राचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर रानडुक्कर व नीलगाय हीं दोन्हीं दुसऱ्या अनुसूचींत आहेत, आणि उभ्या पिकाचें नुकसान होत असलें तरी कलम ११ प्रमाणें अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हातांत आल्याखेरीज बार काढतां येत नाहीं. अर्ज करण्याचा कंटाळा करून दुर्बीण घेणाऱ्यानें आपले पैसे कशासाठीं खर्चिले याचा विचार करावा.

आतां माफक किंमतींत चांगली दुर्बीण ओळखावी कशी ? भिंगावरील लेपाविषयीं प्रथम विचारावें. कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून, लेप नसेल तर, सुमारें चार टक्के प्रकाश माघारी फिरतो. दुर्बिणींत असे दहा पृष्ठभाग असले तर जवळ जवळ तिसरा हिस्सा प्रकाश वाटेंतच जातो. सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप असेल तर ही नासाडी अगदीं थोडी होते. म्हणून सर्व भिंगांवर अनेकपदरी लेप असलेली ३२ मिलिमीटरची दुर्बीण, हलक्या लेपाच्या ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीपेक्षां संध्याकाळीं सरस ठरूं शकते. तीस मिलिमीटर जाडीच्या नळीनें प्रकाश अधिक येतो असें सांगितलें जातें, तें खरें नाहीं. तिच्यांत फुली वरखालीं सरकविण्यास जागा अधिक असते इतकेंच. आपल्या कामास एक इंची नळी पुरे. हवाई बंदुकीबरोबर येणाऱ्या पाऊण इंची, वीस मिलिमीटर भिंगाच्या ज्या अगदीं स्वस्त नळ्या असतात, त्या मात्र आम्ही खेळण्यांत जमा धरतों.

दुकानांतील दिव्याखालीं दुर्बीण पाहूं नये. मालकाची परवानगी घेऊन सूर्य मावळतेवेळीं ती रस्त्यावर आणावी, आणि एखाद्या झाडाच्या बुंध्याजवळच्या सांवलींत पाहावें. दोन दुर्बिणी आलटून पालटून पाहिल्या म्हणजे न सांगतां फरक कळतो. कडेचें चित्र वाकडें अगर रंगीत दिसतें काय, दूरचा दिवा समोर आला असतां सगळें चित्र दुधाळ होतें काय, हें पाहावें. फिरकीचे खटके एक-एक मोजतां येतील असे स्पष्ट असावे. लोण्यांत बोट फिरविल्यासारखी फिरकी कामाची नाहीं. डोळा मागच्या भिंगापासून तीन ते साडेतीन इंच दूर ठेवून पूर्ण चित्र दिसलें पाहिजे. .३१५ चा धक्का बसतो तेव्हां याहून जवळ डोळा ठेवणाऱ्याच्या भुवईवर अर्धचंद्र उमटतो, आणि मग पुढच्या प्रत्येक बारास तो मनुष्य डोळे मिटतो. नळींत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद केलेली असावी, एरव्हीं आषाढांत आंतून धुकें धरतें. नांवाजलेल्या कंपन्यांच्या नकला पुष्कळ निघतात. म्हणून पक्की पावती व हमीचा कागद न देणाऱ्याकडून घेऊं नये.

दुर्बिणीइतकाच विचार बैठकीचा केला पाहिजे, आणि तो कोणी करीत नाहीं. स्वस्त दुर्बीण व पोलादी बैठक यांचा संसार नीट चालतो; महाग दुर्बीण पातळ पत्र्याच्या कड्यांत बसविली तर दर बारागणिक नेम सरकतो आणि दोष दुर्बिणीस लागतो. बहुतेक .२२ व हवाई रायफलींच्या माथ्यावर सुमारें ११ मिलिमीटरची खाच असते, तिच्या मापाच्याच कड्या घ्याव्या. जुन्या रायफलीवर खाच नसेल तर भोकें पाडण्याचें काम परवानाधारक कारागिराकडूनच करवावें. गांवच्या लोहारास त्यांत गोवूं नये. नळीची बैठक एकदां वांकडी छिद्रली कीं ती कायमची.

हवाई रायफलीची गोष्ट थोडी निराळी आहे. सन २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें .१७७ बोअरच्या व २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई रायफलीस परवाना लागत नाहीं. म्हणून सरावास ती सोयीची, आणि घरांतल्या तरुणांस शिकविण्यासहि. परंतु स्प्रिंगच्या हवाई रायफलीचा धक्का आधीं मागें व लगेच पुढें असा दुहेरी बसतो, आणि मोठ्या रायफलीवर वर्षें काढलेली दुर्बीणहि त्यानें खिळखिळी होऊं शकते. अशा रायफलीसाठीं म्हणून बनविलेलीच दुर्बीण घ्यावी, आणि कडीस अडणी असावी. शिवाय जवळच्या अंतरासाठीं पुढचें भिंग जुळवितां येण्याची सोय तिच्यांत पाहिजे. १०० मीटरांसाठीं जुळविलेल्या ४×३२ दुर्बिणींत डोळा मधोमध नसल्यास ५० मीटरांवर फार तर ८ मिलिमीटरांचा फरक पडतो, तो डुकराच्या बाबतींत नगण्य आहे. पण १० मीटरांवर तोच १४ मिलिमीटर होतो, व कागदावरचा सगळा सराव फुकट जातो.

नेम जुळविण्याचें काम काडतुसें न उधळतां होतें. परवान्यावर काडतुसें मोजकीं, व तीं महाग. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनच्या रेंजवर जावें. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा, रायफल वाळूच्या पोत्यांवर घट्ट टेकवावी, आणि मागून नळींतून २५ मीटरांवरचें खडूचें वर्तुळ मधोमध दिसेल अशी ती ठेवावी. मग रायफल न हलवितां फिरक्यांनीं फुली त्याच वर्तुळावर आणावी. यानंतर दोन-तीन बारांत काम होतें. बहुतेक दुर्बिणींत एका खटक्यानें १०० मीटरांवर सुमारें ७ मिलिमीटर फरक पडतो. ५० वर साडेतीन, २५ वर पावणेदोन. २५ मीटरांवर गोळी ३५ मिलिमीटर खालीं लागली तर वीस खटके वर. पुष्कळ लोक येथें पांचच देतात आणि दुर्बीण खोटी म्हणून परत करावयास निघतात. दुर्बीण खरोखरच खोटी आहे काय हें पाहण्यास एक बार टाकून वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खालीं, वीस डावीकडे द्यावे व पुन्हां तेथेंच नेम धरून बार टाकावा. दुसरी गोळी पहिलीच्या शेजारीं बसली तर दुर्बीण प्रामाणिक आहे. शेवटचा नेम ५० मीटरांवर पक्का करावा.

निवडणुकीच्या काळांत हत्यार ठाण्यावर जमा करण्याची पाळी येते. तेथें दहा बंदुका एकमेकींवर रचलेल्या असतात. परत आणल्यावर कड्यांचे स्क्रू तपासून दोन बार कागदावर टाकल्याखेरीज त्या रायफलीवर विसंबूं नये. पावसाळ्यांत दुर्बीण कातडी पिशवींत बांधून ठेवूं नये. भिंगावर बुरशीचें जाळें धरतें आणि तें लेप खाऊन टाकतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. आणि दसऱ्यास शस्त्रपूजन करतांना आधीं दोन्ही बाजूंचीं टोपणें लावावीं. हळदकुंकवाचे कण भिंगावर पडलेच तर ते धोतराच्या सोग्यानें पुसूं नयेत, मऊ कुंचल्यानें झाडावे.